मेळघाटातील रानफळांचे ऑक्सिडीकरणरोधक गुणधर्म

मेळघाट हा सातपुडा पर्वताच्या गाविलगड रांगेतील वनप्रदेश आहे. त्याचा बहुतांश भाग अमरावती जिल्ह्याच्या चिखलदरा व धारणी तालुक्यांत येतो. लगतचे नरनाळा अभयारण्य अकोला जिल्ह्यात आहे. येथील शुष्क पानझडी सागवनांत आवळा, जांभूळ, टेंभूर, चारोळी, बोर, बेल व बिबा या वृक्षांची फळे मिळतात. कोरकू, गवळी व इतर स्थानिक समाजांच्या आहारात त्यांना परंपरेने स्थान आहे.

== रासायनिक घटक ==
शरीरातील चयापचयात मुक्त मूलके निर्माण होतात. ती प्रमाणाबाहेर वाढल्यास पेशींना इजा पोहोचते. या मूलकांना निष्प्रभ करणाऱ्या पदार्थांना ऑक्सिडीकरणरोधक किंवा अँटिऑक्सिडंट म्हणतात. आवळ्यात क जीवनसत्त्व व टॅनिने विपुल असतात. जांभळाचा गडद रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो. कच्च्या टेंभराचा तुरटपणा टॅनिनांमुळे असतो. बोरातही क जीवनसत्त्व असते.

== मापन व मर्यादा ==
प्रयोगशाळेत डीपीपीएच नावाच्या जांभळ्या द्रावणात फळाचा अर्क मिसळतात. द्रावण जितके फिकट पिवळे होईल, तितकी अर्काची क्षमता अधिक मानली जाते. मात्र ही परीक्षा नळीतील आहे. पचनात यांतील अनेक घटकांचे रूपांतर होते व त्यांचा अल्प अंशच रक्तात पोहोचतो. त्यामुळे अशा मापनावरून एखादे फळ रोग बरा करते, असा निष्कर्ष काढता येत नाही.

== आहारातील महत्त्व ==
मेळघाट बालकांच्या कुपोषणामुळे दीर्घकाळ चर्चेत आहे. रानफळांतून जीवनसत्त्वे व खनिजे मिळतात. परंतु धान्य, डाळी व स्निग्ध पदार्थ यांची उणीव ती भरून काढू शकत नाहीत. चारोळीच्या बियांत मात्र स्निग्धांश व प्रथिने असतात. त्या बहुधा विक्रीसाठी गोळा केल्या जातात. बिब्याच्या टरफलातील रसाने त्वचेवर फोड येतात, म्हणून ते फळ हाताळताना काळजी घ्यावी लागते.

== हक्क व संवर्धन ==
वनहक्क कायदा, २००६ नुसार पात्र वननिवासींना गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क आहे. अचलपूर तालुक्यातील पायविहीर गावाने सामूहिक वनहक्क मिळवून वनसंवर्धनाबरोबर सीताफळांची विक्रीही केली. फळांसाठी फांद्या तोडणे किंवा ती अपक्व असतानाच उतरवणे यामुळे पुढील उत्पन्न व नैसर्गिक पुनरुत्पादन घटते.