भांडी धुण्याचे यंत्र

भांडी धुण्याचे यंत्र किंवा डिशवॉशर हे जेवणाची व स्वयंपाकाची भांडी गरम पाण्याचे फवारे आणि अल्कधर्मी अपमार्जक यांच्या साहाय्याने धुणारे विद्युत उपकरण आहे. हातांनी भांडी घासताना मळ मुख्यतः घर्षणाने निघतो. या यंत्रात मात्र भांड्याला काहीही घासत नाही. पाणी, उष्णता, रसायन आणि वेळ यांवरच सारे काम चालते. त्यामुळे ज्या पृष्ठभागावर फवारा थेट पोहोचत नाही, तो यंत्र कितीही वेळ चालविले तरी खरकटाच राहतो. भांड्यांच्या मांडणीविषयीचे बहुतेक नियम या एकाच गोष्टीतून निघतात. हे यंत्र मुळात चिनी मातीच्या उथळ बशांसाठी घडले. नागपूरसारख्या शहरातील स्वयंपाकघरात त्याची गाठ उभ्या काठांची ताटे, वाट्या, कुकर, कढया आणि तेल-हळदीचा मळ यांच्याशी पडते. शिवाय पाण्याचा गुणधर्मही वस्तीगणिक बदलतो. म्हणून यंत्रासोबत येणाऱ्या पुस्तिकेतील सूचना येथे जशाच्या तशा पुरत नाहीत.

इतिहास

अमेरिकेत जोएल हाउटन यांनी १८५० साली हाताने फिरवायच्या लाकडी यंत्राचे पेटंट घेतले होते, पण ते फारसे उपयोगी ठरले नाही. आजच्या यंत्राचे मूळ इलिनॉय राज्यातील शेल्बीव्हिल येथील जोसेफाइन कॉक्रन यांच्या यंत्रात आहे. त्यांना २८ डिसेंबर १८८६ रोजी पेटंट मिळाले. भांडी पाण्यात घुसळण्याऐवजी ती त्यांच्या आकाराप्रमाणे केलेल्या तारेच्या कप्प्यांत स्थिर ठेवायची आणि त्यांच्यावर दाबाने पाणी सोडायचे, ही त्यांची मुख्य कल्पना होती. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात हे यंत्र मांडले गेले. त्याचे आरंभीचे ग्राहक घरे नसून उपाहारगृहे होती. पाश्चात्त्य घरांत ते रुळले दुसऱ्या महायुद्धानंतर.

महाराष्ट्रात राख, माती, चिंच आणि नारळाची शेंडी ही भांडी घासण्याची जुनी साधने होत. पुढे त्यांची जागा साबणाच्या वडीने व तारेच्या घासणीने घेतली. यंत्र मात्र दीर्घकाळ दुर्मीळ राहिले. यंत्राची किंमत हे त्याचे एक कारण होते, पण अल्प मोबदल्यात धुणीभांडी करणाऱ्या स्त्रिया शहरांत उपलब्ध होत्या, हे कारण अधिक महत्त्वाचे. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली, घरकामगारांचे येणे थांबले आणि भारतात या यंत्राची मागणी एकाएकी वाढली.

कार्यपद्धती

यंत्राच्या तळाशी थोडे पाणी घेतले जाते, विजेच्या तापकाने तापविले जाते आणि पंपाने फिरत्या फवारदांड्यांत ढकलले जाते. दांड्यांच्या छिद्रांतून तिरक्या दिशेने सुटणाऱ्या पाण्याच्या प्रतिक्रियेने दांडे स्वतःच फिरतात. भांड्यांवरून निथळलेले पाणी गाळणीतून जाऊन पुन्हा फवारले जाते. एका फेरीत हे पाणी काही वेळा बदलले जाते. अलीकडच्या मोठ्या यंत्राला एका फेरीस साधारणतः १० ते १५ लिटर पाणी लागते. धुण्याचे तापमान कार्यक्रमानुसार ४५ ते ७० अंश सेल्सिअस असते.

अपमार्जकात सोडियम कार्बोनेटसारखी अल्कधर्मी द्रव्ये, डाग फिकट करणारे परकार्बोनेट आणि विकरे असतात. प्रोटीएज हे विकर डाळ, दूध, अंडे यांतील प्रथिनांचे, तर अमायलेज हे भात व कणकेतील पिष्टाचे विघटन करते. विकरांना काम करण्यास वेळ लागतो. त्यामुळे कमी तापमानाची दोन-तीन तासांची फेरी अनेकदा घाईच्या अर्ध्या तासाच्या फेरीपेक्षा भांडी अधिक स्वच्छ करते. हातांनी भांडी घासण्याचा द्रव साबण या यंत्रात कधीही घालू नये. त्याचा फेस पंपात शिरला की फवाऱ्याचा जोर जातो आणि फेस दाराबाहेर येतो.

नागपूरचे पाणी

नागपूर शहराला पेंच प्रकल्पाचे जलाशय, कन्हान नदी आणि गोरेवाडा तलाव यांतून पाणी मिळते. हे भूपृष्ठावरील पाणी आहे. याउलट अनेक घरे व गृहसंकुले विहीर किंवा कूपनलिकेचे पाणीही वापरतात. शहराचा पश्चिम भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकावर, तर पूर्व भाग त्याहून प्राचीन स्फटिकी खडकांवर वसलेला आहे. खडकांतून झिरपताना पाण्यात कॅल्शिअम व मॅग्नेशिअमचे क्षार विरघळतात, म्हणून भूजल सहसा नदी-तलावाच्या पाण्यापेक्षा अधिक दुष्फेन (कठीण) असते. एकाच रस्त्यावरील दोन घरांत, एक नळावर आणि दुसरे कूपनलिकेवर असेल तर, एकच यंत्र निराळे वागू शकते.

भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याचा एकूण कठीणपणा दर लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत अनुज्ञेय आहे. म्हणजे पिण्यास चालणारे पाणी यंत्राच्या दृष्टीने फार कठीण असू शकते. बऱ्याच यंत्रांवर कठीणपणाचा आकडा जर्मन अंशांत द्यावा लागतो; एक जर्मन अंश म्हणजे दर लिटरला सुमारे १७.८ मिलिग्रॅम. त्या हिशेबाने २०० मिलिग्रॅम म्हणजे सुमारे ११ अंश आणि ६०० मिलिग्रॅम म्हणजे सुमारे ३४ अंश होतात. यंत्र बसविताना तपासणी-पट्टीने पाणी मोजून हा आकडा भरणे आवश्यक आहे. पाण्याचा स्रोत बदलल्यास तो पुन्हा भरावा लागतो. घराघरांत हीच पायरी सर्वाधिक वेळा वगळली जाते आणि दोष मात्र यंत्राला दिला जातो.

यंत्राच्या तळाशी राळेचे बारीक मणी असलेली मृदूकरणाची कोठी असते. हे मणी पाण्यातील कॅल्शिअम व मॅग्नेशिअमचे आयन धरून ठेवतात आणि त्यांच्या जागी सोडियमचे आयन सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने ते पुन्हा कार्यक्षम होतात. मीठ भांड्यांवर टाकायचे नसून या कोठीतच भरायचे असते. त्यासाठी जाड दाण्यांचे शुद्ध मीठ वापरतात. स्वयंपाकातील बारीक मिठात गोळे न होण्यासाठी मिसळलेली द्रव्ये असतात, तर खडे मिठात माती व कठीणपणा आणणारेच क्षार असू शकतात. दोन्हींमुळे कोठी तुंबते. ‘सर्व काही एकात’ असे सांगणाऱ्या वड्यांतील मृदूकारक ठरावीक मर्यादेपर्यंतच पुरेसे असतात. कूपनलिकेच्या पाण्याला मीठ लागतेच.

धुतलेल्या काचेवर पांढरट थर दिसल्यास त्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस चोळून पाहावा. थर गेला तर तो क्षारांचा होता आणि मीठ किंवा कठीणपणाचा आकडा कमी पडला असे समजावे. थर न गेल्यास काचच झिजली आहे, आणि ती झीज भरून येत नाही.

पाण्याचा दाबही विचारात घ्यावा लागतो. गच्चीवरील टाकीपासून दर १० मीटर खोलीमागे सुमारे १ बार दाब मिळतो. वरच्याच मजल्यावर स्वयंपाकघर असेल तर टाकी व यंत्राचा नळ यांत दोन-तीन मीटरचेच अंतर राहते आणि दाब ०.२ ते ०.३ बार भरतो. अनेक यंत्रांना याहून अधिक दाब लागतो. अशा ठिकाणी कमी दाबावर चालणारे यंत्र निवडतात किंवा लहान पंप बसवितात. तापकामुळे यंत्राला १६ अँपिअरचा, भूजोडणी असलेला स्वतंत्र खटका आवश्यक असतो.

भांड्यांची मांडणी

भांडी ठेवण्यापूर्वी खरकटे काढून टाकावे, पण भांडी नळाखाली धुऊन घेऊ नयेत. तसे केल्यास पाण्याची बचत राहत नाही. शिवाय पाण्याचा गढूळपणा मोजणारा संवेदक असलेली यंत्रे स्वच्छ पाणी पाहून फेरी आखडती घेतात. कणीक मात्र याला अपवाद आहे. परातीला वाळून चिकटलेली कणीक गरम पाण्याने फुगून चिकट होते आणि तिचे कण इतर भांड्यांवर जाऊन बसतात. ती आधीच खरवडून काढावी लागते. करपलेले दूध आणि तळाला लागलेला भात यांनाही भिजवणे चुकत नाही.

सावजी रस्सा किंवा तर्री पोहे यांच्या भांड्यांतील तेलाचा तवंग कागदाने किंवा पोळीच्या तुकड्याने पुसून घेतल्यास गाळणी लवकर तुंबत नाही. तेलाच्या मळाला ६० अंशांहून अधिक तापमानाचा कार्यक्रम योग्य. हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य अल्कधर्मी पाण्यात तांबूस होते आणि प्लॅस्टिकमध्ये मुरते. म्हणून हळदीच्या भाजीचा प्लॅस्टिक डबा ताटांसोबत धुतल्यावरही पिवळा राहतो. कधी शेजारचा पांढरा डबाही पिवळसर होतो. हा डाग यंत्राने नव्हे, तर उन्हाने जातो, आणि ऊन नागपुरात मुबलक आहे.

खालच्या जाळीत ताटे, कुकर, कढया आणि गंज (विदर्भात पातेल्याला हा शब्द आहे, येथे लोखंडाच्या गंजाशी त्याचा संबंध नाही) ठेवतात. भांड्यांची तोंडे खाली किंवा आतल्या बाजूला, फवाऱ्याकडे असावीत. बशा उथळ असल्याने लागोपाठच्या खाचांत बसतात. स्टीलच्या ताटाचा उभा काठ मात्र शेजारच्या ताटाला झाकतो, म्हणून एक खाच सोडून ताट ठेवावे लागते. त्यामुळे ‘१४ जणांची भांडी’ अशी नोंद असलेल्या यंत्रात प्रत्यक्षात त्याहून कमी ताटे मावतात. ही नोंद पाश्चात्त्य बशा-पेल्यांच्या संचावरून केलेली असते, हे खरेदी करताना लक्षात घेणे हिताचे. मोठी परात कडेला उभी ठेवावी. मध्ये आडवी ठेवल्यास ती छत्रीसारखी होऊन वरच्या जाळीपर्यंत पाणी जाऊ देत नाही.

वाट्या, पेले, फुलपात्रे आणि उष्णता सोसणारे प्लॅस्टिक वरच्या जाळीत ठेवतात. वाट्या एकात एक बसण्याच्या आकाराच्या असतात, आणि फवाऱ्याच्या धक्क्याने त्या खरोखरच एकात एक जाऊन बसतात. प्रत्येक वाटी तिरकी, पालथी आणि दातऱ्यांच्या आधाराने ठेवल्यास हे टळते आणि बुडावरील खळग्यात पाणीही साचत नाही. चमचे काही दांडा वर, काही दांडा खाली असे मिसळून ठेवावेत. सुऱ्यांचे टोक नेहमी खाली असावे. लांब दांड्याचे डाव आणि सराटे उभे ठेवल्यास वरचा फवारदांडा अडतो, म्हणून ते वर आडवे ठेवतात. दार लावण्यापूर्वी दोन्ही फवारदांडे हाताने फिरवून पाहणे ही क्षणाची तपासणी पूर्ण फेरी वाया जाण्यापासून वाचविते.

कुकरची शिटी व झाकणातील रबरी कडे काढून ठेवावे. धुऊन झाल्यावर वाफनळीच्या छिद्रातून आरपार दिसते का, हे पाहिल्याशिवाय कुकर वापरू नये. छिद्रात अडकलेला डाळीचा कण धोकादायक ठरू शकतो.

यंत्रात न धुण्याजोगी भांडी

अॅल्युमिनिअमवरील संरक्षक ऑक्साइडचा थर अल्कधर्मी पाण्याने विरघळतो आणि भांडे काळपट पडते. हे नुकसान एकाच फेरीत होते. तांब्या-पितळेची चकाकी जाते. कल्हईचा मऊ थर झिजून आतले पितळ उघडे पडते, आणि अशा भांड्यात आंबट पदार्थ ठेवणे अपायकारक असते. लोखंडी तव्यावर व बिडाच्या कढईवर तेलाचा मुरलेला थर असतो. तो निघून जातो आणि भांडे गंजते. लाकडी पोळपाट-लाटणे फुगते व तडकते. मातीची हंडी अपमार्जक शोषून घेते, मग तो पुढच्या भाजीत उतरतो. आजीची पितळी परात यंत्रात घालून खराब करण्यापेक्षा चिंचेने घासणे केव्हाही बरे.

निगा

गाळणी आठवड्यातून एकदा, आणि तेलकट स्वयंपाक अधिक असल्यास त्याहून लवकर, नळाखाली धुवावी. दाराच्या रबरी पट्टीच्या खालच्या घडीत चरबी साचते. ती पुसून घ्यावी लागते. चकाकी देणारा द्रव पाण्याचा पृष्ठताण कमी करून थेंबांऐवजी पातळ थर तयार करतो, त्यामुळे भांडी डाग न राहता सुकतात. उन्हाळ्यात बंद यंत्रात ठेवलेली खरकटी भांडी रात्रीतून आंबतात. यंत्र भरेपर्यंत थांबायचे असल्यास नुसत्या पाण्याने खळबळण्याची छोटी फेरी चालवावी.

पाणी आणि श्रम

यंत्र पाणी वाचविते, हा दावा बहुधा युरोपातील मोजणीवर आधारलेला असतो. जर्मनीतील बॉन विद्यापीठातील अभ्यासात १२ जणांची भांडी हातांनी धुण्यास सरासरी सुमारे १०० लिटर पाणी लागल्याचे आढळले होते. नागपुरातील अनेक घरांत मात्र नळ वाहता न ठेवता बादली-घंगाळात भांडी विसळतात, तेथे ही तुलना लागू पडत नाही. जुलै २०१९ मध्ये पेंचचे जलाशय आटल्याने शहराला काही काळ दिवसाआड पाणी मिळाले, तेव्हा हा प्रश्न केवळ हिशेबाचा राहिला नव्हता. फेरीच्या मध्येच पाणी थांबले तर यंत्र दोष दाखवून बंद पडते आणि भांड्यांवर अपमार्जक राहतो. ती भांडी पुन्हा धुतल्याशिवाय वापरू नयेत.

भांडी घासण्याचे काम हा नागपुरातील असंख्य स्त्रियांचा रोजगार आहे. त्यांच्या हक्कांसाठी रूपा कुळकर्णी-बोधी यांच्या पुढाकाराने विदर्भ मोलकरीण संघटना येथेच उभी राहिली. राज्याने २००८ साली महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम केला. यंत्र घेतलेल्या घरांतही तवा, कढई, पितळी भांडी, पोळपाट आणि जळलेले गंज हातांनीच घासावे लागतात. म्हणजे संख्येने बरीच भांडी यंत्राकडे जातात आणि अधिक कष्टाची मागे राहतात. कामाचा मोबदला भांड्यांच्या संख्येवरून ठरत असेल तेथे हा फरक घासणाऱ्या बाईच्या तोट्याचा असतो.