बेकार कोणाला म्हणायचे?

वर्तमानपत्रात अधूनमधून बेकारीचा दर छापून येतो. कधी तो २ टक्के असतो, कधी ८ टक्के. वाचणाऱ्याला वाटते, यातला एक आकडा खोटा असणार. पण हे दोन्ही आकडे एकाच वर्षाचे आणि एकाच पाहणीतले असू शकतात. २००४-०५ सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील बेकारीचे प्रमाण एका व्याख्येनुसार सुमारे २.३ टक्के, दुसरीनुसार ४.४ टक्के आणि तिसरीनुसार ८.२ टक्के निघाले होते. असे का होते, हे समजण्यासाठी आपल्याला थोडे इतिहासात जावे लागेल.

१९३० च्या दशकातील महामंदीत अमेरिकेत लाखो लोकांची कामे गेली. पण नेमकी किती, हे कोणालाच सांगता येईना. तोपर्यंत जनगणनेत माणसाचा धंदा विचारत. सुताराचे काम सुटले तरी कागदावर तो सुतारच राही. १९४० च्या जनगणनेत प्रश्न बदलला. ठरावीक आठवड्यात तुम्ही काम केले का? नसल्यास काम शोधत होता का? काम करणारे आणि शोधणारे मिळून झाली श्रमशक्ती. श्रमशक्तीतील दर शंभरांमागे बेकार किती, तो बेकारीचा दर. जे काम करत नाहीत आणि शोधतही नाहीत, ते या हिशेबात येतच नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवू, पुढे ती लागणार आहे.

आपल्याकडे १९४५ मध्ये युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी रोजगार विनिमय केंद्रे निघाली. १९४८ पासून ती सर्वांना खुली झाली. तेथील नोंदी म्हणजेच देशातील बेकारी, असा समज पुष्कळ वर्षे होता. परंतु नाव नोंदवणाऱ्यांत हाती नोकरी असलेलेही असत, आणि खेड्यातला शेतमजूर त्या कचेरीची पायरी सहसा चढत नसे.

पंचवार्षिक योजनांच्या सुरुवातीला सर्व बेकारांचा मिळून एकच आकडा दिला जाई. तो कितपत विश्वसनीय आहे, हे तपासण्यासाठी नियोजन आयोगाने अर्थशास्त्रज्ञ मो. ला. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९७० च्या अहवालात समितीने सांगितले, की ज्या देशात बहुतेक लोक स्वतःच्या शेतावर किंवा घरच्या धंद्यात राबतात, तेथे एकाच आकड्यात बेकारी बसवता येत नाही. एकाच माणसाला काही दिवस काम असते, काही दिवस नसते. या विचारातून १९७२-७३ च्या सत्ताविसाव्या फेरीत राष्ट्रीय नमुना पाहणीने तीन मापे वापरली.

ती आपण एका उदाहरणाने पाहू. समजा, एक शेतमजूर बाई आहे. वर्षातला बराच काळ ती मजुरीला जाते. गेल्या आठवड्यात तिला तीन दिवस खुरपणी मिळाली. चौथ्या दिवशी सकाळपुरतेच काम होते. दुपारी ती तयार होती, पण काम नव्हते. पुढचे दोन दिवस ती कामाच्या शोधात फिरली आणि रिकाम्या हाताने परतली. सातव्या दिवशी ती घरकामासाठी घरीच राहिली.

पहिले माप वर्षभराचे. त्यात ती कामकरी ठरते. दुसरे माप आठवड्याचे. आठवड्यात एका दिवशी एक तास जरी काम केले, तरी माणूस कामकरी. म्हणून येथेही ती कामकरीच. तिसरे माप दिवसाचे. यात आठवड्याचे १४ अर्धे दिवस धरतात. तिचे ७ अर्धे दिवस कामाचे, ५ बेकारीचे आणि २ श्रमशक्तीबाहेरचे. म्हणजे १२ पैकी ५ अर्धे दिवस ती बेकार होती. पहिल्या दोन मापांत तिची बेकारी शून्य, आणि तिसऱ्यात जवळजवळ ४२ टक्के! गरिबाला वर्षभर बेकार राहणे परवडतच नाही. मिळेल ते काम त्याला करावे लागते. त्याची बेकारी बारीक मापानेच दिसते.

आता श्रमशक्तीबाहेरच्यांकडे वळू. १९६१ च्या जनगणनेत हंगामातील बऱ्याच काळात रोज तासभर काम करणारी व्यक्तीही कामकरी धरली होती. १९७१ मध्ये आधी 'मुख्य उद्योग कोणता?' असे विचारले गेले. घर सांभाळून शेतात राबणारी बाई 'घरकाम' या सदरात गेली. कामकरी स्त्रियांचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांवरून १५ टक्क्यांच्या खाली आले. स्त्रियांनी दहा वर्षांत एवढे काम सोडले नव्हते. या घसरणीचा मोठा भाग प्रश्न बदलल्याचा होता. १९९१ मध्ये प्रश्नातच 'शेतावरील किंवा घरच्या धंद्यातील बिनमोबदल्याचे काम धरून' असे शब्द घालावे लागले.

१९७१ च्या गणनेनंतर थोड्याच काळात महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख मजूर होते आणि त्यांत स्त्रिया फार मोठ्या संख्येने होत्या. गावाजवळ काम आणि हातात मजुरी मिळते म्हटल्यावर त्या खडी फोडायला आल्या. कागदावर ज्या 'काम न शोधणाऱ्या' होत्या, त्यांना काम हवेच होते. काम नसलेल्या ठिकाणी काम शोधणार तरी कसे? रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला, तेव्हा कामाची गरज ठरवण्याचा मार्ग बदलला. मागेल त्याला काम द्यायचे; मागणारे किती, ते आपोआप कळेल.

२०१७ पासून नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण ही मोजणी करते. त्याच्या पहिल्या वर्षी, २०१७-१८ मध्येही वर्षाच्या मापाने सुमारे ६ आणि आठवड्याच्या मापाने सुमारे ९ टक्के बेकारी दिसली. तेव्हा आकडा वाचताना तीन प्रश्न विचारावेत: कालावधी कोणता, काम कशाला म्हटले, आणि हिशेबाबाहेर कोण राहिले?

वर्गात हे करून पाहता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील मोठ्या माणसांचा एक आठवडा १४ चौकटींत भरावा आणि तिन्ही मापांनी हिशेब करावा. आईच्या चौकटी भरताना वर्गात वाद होईल. तो होऊ द्यावा. देशाच्या आकडेवारीतही तो अजून मिटलेला नाही.