'शाह', 'शहेनशाह' आणि 'क्षत्रप' : इराणी राजपदव्या लेण्यांपर्यंत कशा आल्या?

नाशिकच्या त्रिरश्मी लेणीत, लेणे क्रमांक १० मध्ये उषवदाताचे दानलेख आहेत. त्याने भिक्खूसंघाला हे लेणे दिले. शिवाय ३००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले आणि त्यांच्या व्याजातून भिक्खूंच्या चीवरांची व इतर खर्चाची सोय लावली. त्याचा सासरा नहपान याला या लेखांत 'क्षत्रप' म्हटले आहे. लेणी पाहायला आलेले अनेकजण हा शब्द 'छत्रपती'शी जोडतात. तो संबंध चुकीचा आहे. छत्रपती म्हणजे छत्राचा धनी. क्षत्रप ही पदवी मुळात इराणची.

पर्शियाच्या अखमेनी सम्राटांचा प्रांताधिकारी 'ख्षथ्रपावन', म्हणजे राज्याचा राखणदार. यातला 'ख्षथ्र' आणि आपल्या पालीतला 'खत्तिय' एकाच मुळाचे.

सम्राट स्वतः 'ख्षायथिय'. हाच शब्द झिजून 'शाह' झाला. इ.स.पू. ५२० च्या सुमारास दारियुशने बेहिस्तूनच्या कड्यावर तीन भाषांत लेख कोरवला. त्यात तो स्वतःला 'ख्षायथिय ख्षायथियानाम्' म्हणवतो : राजांचा राजा. पुढे त्याचेच 'शाहानशाह', आपल्या तोंडी 'शहेनशाह'. कल्पना मात्र त्याची नव्हे. असिरियाचे राजे ही बिरुदावली त्याच्या कितीतरी आधी मिरवत होते. ससानी घराण्यातील पहिल्या शापूरने तिसऱ्या शतकात तीही अपुरी मानली आणि 'इराण व इराणेतर प्रदेशांच्या राजांचा राजा' झाला. 'पादिशाह'मध्ये शाहच्या आधी धनी या अर्थाचा शब्द लागला. त्यावरून आपला 'पातशहा'.

बौद्धांसाठी महत्त्वाचा दुवा कनिष्क. त्याच्या नाण्यांवर बॅक्ट्रियन भाषेत 'शाओनानो शाओ' आहे, म्हणजे तेच 'राजांचा राजा'. त्याच्याच काही नाण्यांच्या दुसऱ्या बाजूला उभे बुद्ध आहेत, शेजारी 'बोद्दो' अशी अक्षरे. अशोकाचे लेख असलेल्या अलाहाबादच्या स्तंभावर नंतर समुद्रगुप्ताची प्रशस्ती कोरली गेली. तिच्यातही 'शाहि' आणि 'शाहानुशाहि' आहेत.

नहपानाच्या काळापर्यंत क्षत्रप कुणाचा साधा अधिकारी उरला नव्हता. लेखांत त्याला 'राजा'ही म्हटले आहे. जुन्नरच्या मानमोडी लेणीत त्याचा अमात्य अयम त्याला 'महाक्षत्रप' म्हणतो. गौतमीपुत्र सातकर्णीने त्याचा पराभव करून त्याच्या नाण्यांवर स्वतःचे ठसे मारले. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे अशी हजारो नाणी सापडली.

इराणात 'शाहानशाह' १९७९ च्या क्रांतीपर्यंत चालले.