कल्याणच्या काचा, तबल्याचे बोल आणि रंगमंचावरचा संगणक

१/ मुरबाडच्या डोंगरांतून येणाऱ्या काळू नदीला भातसा मिळते, काळू पुढे उल्हासला मिळते आणि उल्हासच्या काठी कल्याण वसले आहे. भातसानगरच्या धरणाखालून निघालेले पाणी ज्या शहरापाशी पोहोचते, त्याच शहरातील एका कुटुंबाने १८९२ साली चित्र, शब्द आणि स्वर यांचा एक अद्भुत खेळ लोकांपुढे आणला. आजचा धागा त्या खेळाविषयी, आणि तोच खेळ आज संगणकावर नव्याने मांडणाऱ्यांविषयी.

२/ त्या खेळाचे नाव ‘शांबरिक खरोलिका’. कर्ते होते महादेव गोपाळ पटवर्धन. मित्र मदनराव पितळे यांच्या साहाय्याने त्यांनी ‘मॅजिक लँटर्न’ म्हणजे जादूचा कंदील सिद्ध केला. पुढे पटवर्धनांचे पुत्रही या उद्योगात उतरले. शंबर हा पुराणातील मायावी असुर. संस्कृतात ‘शांबरी’ म्हणजेच माया. त्यावरून हे भारदस्त नाव आले.

३/ खेळाची रचना पाहा. काचेच्या पट्ट्यांवर हाताने चित्रे रंगवायची आणि दिव्याच्या प्रकाशात, भिंगातून, ती पडद्यावर मोठी करून दाखवायची. एकाच आकृतीच्या निरनिराळ्या अवस्था वेगवेगळ्या काचांवर काढून त्या झरझर बदलल्या, की पडद्यावरचे पात्र हलल्याचा भास होई. रामायण-महाभारतातील प्रसंग असत, तशीच सर्कशीची दृश्येही असत.

४/ परंतु काच मुकी असते. तिला वाचा देण्यासाठी निवेदन होते, गाणे होते, वाद्ये होती. काच बदलणारा हात आणि कथा सांगणारा कंठ यांनी परस्परांकडे कान देणे अपरिहार्य होते. निवेदक एका वाक्यावर रेंगाळला, तर चित्रानेही थांबायचे. प्रेक्षक रंगले, तर प्रसंग लांबवायचा. म्हणूनच कालचा खेळ आणि आजचा खेळ कधीच तंतोतंत सारखा नसे.

५/ ही परंपराही आकाशातून पडलेली नव्हती. सिंधुदुर्गातील कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी सादर करीत आले आहेत. कागदावरची चित्रे एकेक करून समोर धरायची आणि वाद्यांच्या साथीने कथा गायची, असा तो प्रकार. चित्रांच्या जुडग्याला ते ‘पोथी’ म्हणतात. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

६/ मग सिनेमा आला. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रेक्षकांसमोर आला. चित्र आता फितीवर कायमचे बांधले गेले. तरीही मूकपटाच्या पडद्याजवळ वादक बसत असत. निदान स्वर तरी जिवंत होता.

७/ १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि स्वरही फितीवर गेला. पुढच्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. प्रेक्षकांना फार मोठी गोष्ट मिळाली, यात शंका नाही. पण पडद्याजवळच्या वादकाची जागा गेली. चित्र, शब्द आणि स्वर प्रेक्षकांदेखत एकत्र घडवण्याची रीत मुख्य प्रवाहातून बाजूला पडली.

८/ ती रीत परत आणणाऱ्या कथेतील एक दुवा लखनौच्या तबल्यात आहे. १९८०च्या दशकाच्या आरंभी संगीताचे अभ्यासक जेम्स किप्पेन हे उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे लखनौ घराण्याचा तबला अभ्यासत होते. त्यांनी संगणकतज्ज्ञ बर्नार्ड बेल यांच्यासह ‘बोल प्रोसेसर’ ही प्रणाली रचली. कायद्याचा विस्तार कोणत्या नियमांनी होतो, याचे व्याकरण संगणकाला शिकवण्याचा तो प्रयत्न होता.

९/ संगणकाने नियमांवरून नवे विस्तार रचायचे आणि उस्तादांनी ते ऐकून ग्राह्य-अग्राह्य ठरवायचे, अशी त्यांची पद्धत होती. यंत्राला परीक्षा द्यावी लागे ती घराण्याच्या कानाची! पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत असलेली विद्या येथे प्रथमच प्रोग्रॅमच्या भाषेशी समोरासमोर बोलू लागली.

१०/ आता युरोपकडे वळू. २००४ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे ‘टॉपलॅप’ ही संघटना स्थापन झाली. तिचा विषय होता ‘लाइव्ह कोडिंग’, म्हणजे प्रेक्षकांसमोर प्रोग्रॅम लिहीत आणि बदलत संगीत व दृश्ये घडवणे. कलावंताने आपला संगणकाचा पडदा लपवू नये, तो सर्वांना दाखवावा, हा या मंडळींचा आग्रह.

११/ या क्षेत्रातील ‘टायडलसायकल्स’ ही प्रणाली ॲलेक्स मॅक्लीन यांनी घडवली. तिच्यात लय लिहिण्याची जी संक्षिप्त लिपी आहे, तिच्यावर ‘बोल प्रोसेसर’चा प्रभाव आहे. तिचा मूळ घटकही आवर्तन हाच. लखनौच्या तबल्यापासून निघालेला एक धागा अशा रीतीने आजच्या रंगमंचावर पोहोचला. दृश्यांसाठी ओलिव्हिया जॅक यांनी ‘हायड्रा’ ही प्रणाली निर्माण केली. ती ब्राउझरमध्येच चालते.

१२/ असा प्रयोग अनेकांनी मिळून कसा करतात? एक जण ताल लिहितो, दुसरा स्वर, तिसरा दृश्ये. सर्वांचे संगणक एकाच लयीला बांधलेले असतात. सामायिक पानावर प्रत्येकाची ओळ इतरांना दिसते. स्वराची उंची वा आवाजाचा जोर दृश्याला जोडला, की ठोक्यासरशी पडद्यावरचा रंग हलतो. चूक झाली तर तीही सर्वांदेखतच होते, आणि तेथूनच मार्ग काढावा लागतो.

१३/ येथे एक भेद लक्षात घ्यावा. कंदिलाच्या खेळात कौशल्य दडवण्यात होते. यंत्र विसरले गेले तरच माया साधत असे. चित्रकथीत मात्र चित्र धरणारा हात डोळ्यांसमोर असतो. लाइव्ह कोडिंगचे नाते या दुसऱ्या पंथाशी अधिक जवळचे आहे. यंत्र नवे असले, तरी त्याची नीती पिंगुळीची आहे.

१४/ शांबरिक खरोलिकेच्या काचपट्ट्या आजही जपलेल्या आहेत. त्यांचे रंग पाहता येतात. पण कोणत्या शब्दावर काच बदलली, गाणे कोठे थांबले, प्रेक्षक कोठे हसले, हे त्या काचा सांगत नाहीत. कोडचेही तसेच आहे. शेवटी उरलेली ओळ जपता येते. ती कोणाचे ऐकून, कोणत्या क्षणी बदलली, हे मात्र हरवते. साधन टिकते आणि मेळ विरून जातो.

१५/ म्हणून इतिहासाच्या तरुण अभ्यासकांना एक विनंती. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर, भातसा-काळूच्या काठांवर आजही कोणी एकत्र बसून वाजवते, गाते, सोंगे नाचवते. त्यांची वाद्ये आणि मुखवटे टिपालच; पण कोण कोणाला खूण करतो, केव्हा थांबतो, कोणामुळे लय बदलते, हेही विचारा आणि नावांनिशी लिहून ठेवा. कल्याणच्या त्या खेळातील वादकांना हे कोणी विचारले असते, तर आजचा हा धागा अधिक लांब झाला असता.

(समाप्त)