ट्राम ते मेट्रो निओ : नाशिक गाव आणि नाशिकरोड यांच्यामधलं अंतर

आजचा विषय मेट्रोचा आहे, पण सुरुवात मी मेट्रोपासून करणार नाही. सुरुवात करायची ती एका अंतरापासून. नाशिकरोडचं रेल्वे स्टेशन आणि जुनं नाशिक गाव यांच्यामध्ये आठ-नऊ किलोमीटर आहेत. ते कोणी हौसेनं ठेवलेले नाहीत. जीआयपी रेल्वेला थळ घाट चढून, इगतपुरी-मनमाड करत पुढं भुसावळकडे जायचं होतं. १८६५ साली घाटाचा मार्ग सुरू झाला आणि मुंबईची गाडी थेट वर येऊ लागली. पण रूळ गेले ते गावाच्या आग्नेयेला, बऱ्याच अंतरावरून. रेल्वेच्या दृष्टीनं नाशिक हे वाटेवरचं एक ठिकाण. नाशिककरांच्या दृष्टीनं मात्र जगाचा दरवाजा गावापासून दीड-दोन तासांच्या पायपिटीवर उघडला.

गेली दीडशे वर्षं नाशिक हे अंतर कापायचा प्रयत्न करतंय. घोडे वापरून झाले, एस.टी. वापरून झाली, सिटीबस चालू आहे, आणि आता खांबांवरून जाणाऱ्या गाडीची चर्चा आहे. या सगळ्या प्रयत्नांकडे एका रांगेत बघितलं की एक गोष्ट ध्यानात येते. आपण दर वेळी वाहन कोणतं यावर भांडतो, आणि तोटा कोणी सोसायचा हे ठरवायचं राहून जातं.

पहिला प्रयत्न १८८९ चा. हो, नाशिकमध्ये ट्राम होती, आणि आजच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना हे खरं वाटत नाही. अडीच फुटी रूळ, दोन डबे आणि ते ओढायला चार घोडे. मेनरोडवर जी जुनी महापालिकेची इमारत आहे तिथून निघायची आणि नाशिकरोड स्टेशनला पोचायची. मधला भाग तेव्हा जवळजवळ रानच होता. या कामाचा सल्लागार अभियंता होता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. पुढं बार्शी लाइट रेल्वेमुळं ज्याचं नाव जगभर झालं, तोच हा. बार्शीची गाडी १८९७ ला सुरू झाली, म्हणजे नाशिकची ट्राम तिच्याही आधीची.

ही ट्राम सुमारे ४४ वर्षं चालली. नंतर घोडे जाऊन पेट्रोलचं इंजिनही आलं. पण चालवणारी कंपनी खासगी होती. तिचं उत्पन्न काय? तर स्टेशनावर उतरणारा यात्रेकरू आणि कामासाठी ये-जा करणारा गावकरी. दुष्काळ पडला, प्लेग आला की लोक प्रवासच टाळतात. उत्पन्न आटतं, खर्च मात्र थांबत नाही. गाडी रिकामी गेली म्हणून घोडा कमी खात नाही. तोटा साचत गेला आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ट्राम बंद झाली.

आता गंमत बघा. ट्राम बंद झाली ती गरज संपली म्हणून नाही. उलट गरज वाढत होती. १९२५ ला नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस आलं, १९२८ ला नोटांचा छापखाना आला. म्हणजे नाशिकरोड हे नुसतं स्टेशन न राहता कामगारांचं गाव होऊ लागलं, नेमकं त्याच सुमाराला गाव आणि स्टेशन जोडणारी गाडी शेवटच्या घटका मोजत होती. गरज असणं आणि सेवा टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नाशिकला तेव्हाच कळायला हवं होतं.

स्वातंत्र्यानंतर एस.टी. आली. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली आणि पुढं राज्यभर जाळं पसरलं. शहरातली बस चालवणं हे खरं तर स्थानिक संस्थेचं काम. मुंबईत बेस्ट आहे, पुण्यात पीएमटी होती. नाशिकमध्ये मात्र हे काम वर्षानुवर्षं एस.टी.नं केलं. गावोगावी जाणाऱ्या महामंडळाला शहरातली तोट्याची फेरी ही नेहमी अंगावरची जबाबदारीच वाटणार. तोटा वाढला की फेऱ्या कमी, फेऱ्या कमी झाल्या की प्रवासी कमी, प्रवासी कमी झाले की तोटा आणखी वाढला. हे चक्र तुम्ही सगळ्यांनी थांब्यावर उभं राहून बघितलेलं आहे.

दरम्यान शहराचा आकारच बदलला. सातपूरला एमआयडीसी आली, मग अंबड. सिडकोनं नवीन नाशिक वसवलं. ७ नोव्हेंबर १९८२ ला नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका आणि आसपासची गावं एकत्र करून महापालिका झाली. कागदावर एक शहर झालं, प्रत्यक्षात ती तीन-चार गावं होती. नाशिकरोडला राहणारा आणि सातपूरला कामाला जाणारा माणूस द्वारका, सीबीएस ओलांडत सगळं शहर आडवं कापतो. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आसपास होती, २०११ ला १४ लाख ८६ हजार झाली. या वाढलेल्या माणसांची सोय कोणी केली? त्यांनी स्वतःच केली, हप्त्यावर दुचाकी घेऊन. द्वारका चौकात संध्याकाळी जी कोंडी दिसते ना, ती म्हणजे न मिळालेल्या बसची बेरीज आहे.

या पार्श्वभूमीवर मेट्रो निओ आली. महामेट्रोनं आराखडा केला, २०१९ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. खर्च साधारण २,१०० कोटी. दोन उन्नत मार्ग, मिळून ३२ किलोमीटरच्या आसपास. एक गंगापूरहून मुंबई नाक्यापर्यंत, दुसरा गंगापूरहून सातपूरच्या बाजूनं सीबीएस, द्वारका करत नाशिकरोडपर्यंत. सीबीएसला दोन्ही मार्ग भेटणार. शिवाय खालून बॅटरीवर धावणाऱ्या पूरक बस. १ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकसाठी २,०९२ कोटींचा उल्लेख झाला आणि पेढे वाटले गेले.

निओ म्हणजे नेमकं काय, हे नीट समजून घेऊ, कारण निम्मा वाद या शब्दामुळं झाला. नाव मेट्रोचं आहे, पण गाडी आहे ती रबरी टायरची, वरच्या तारेतून वीज घेणारी जोडबस. म्हणजे ट्रॉलीबस. ही आपल्याकडं अगदीच नवी नाही, मुंबईत बेस्टनं १९६२ ते १९७१ ट्रॉलीबस चालवली होती. नवेपणा एवढाच की ती इथं खांबांवरच्या स्वतंत्र मार्गावरून जाणार. गाडी हलकी, म्हणून पूल हलका, म्हणून खर्च कमी. किलोमीटरमागे ६५ कोटींच्या आसपास. नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा ३८ किलोमीटरचा आणि ८,६८० कोटींचा, म्हणजे किलोमीटरमागे सव्वादोनशे कोटींच्या पुढं. फरक तुमच्या लक्षात आला असेल.

क्षमतेचा हिशोब सोपा आहे. २५ मीटरची गाडी, तिच्यात २५० माणसं, आणि दर दोन मिनिटांनी एक गाडी. तासाला ३० फेऱ्या, साडेसात हजार माणसं एका दिशेला. केंद्रानं निओसाठी जी मर्यादा धरली आहे तीही ताशी ८,००० च्या घरातली.

आता वाद. एक बाजू म्हणाली, स्वस्त आहे, आपल्या आकाराच्या शहराला पुरेशी आहे, आता घ्या. दुसरी म्हणाली, पुण्याला-नागपूरला खरी मेट्रो आणि आम्हाला बस? उद्या शहर वाढलं की हेच खांब अपुरे पडतील, तेव्हा पूर्ण मेट्रोच हवी. तिसरी बाजू म्हणाली, खांब कशाला? इक्वेडोरच्या किटो शहरात १९९५ पासून ट्रॉलीबस जमिनीवरच्या राखीव मार्गिकेतून धावते, तसं करा.

तिन्ही बाजूंत तथ्य आहे, हे मी सभ्यपणा म्हणून म्हणत नाही. शहर वाढतंय हे खरंच आहे. पण पूर्ण मेट्रोचा आग्रह धरणाऱ्यांनी एक सांगायला हवं की तिपटीहून जास्त भांडवल घातल्यावर गाड्या भरायला तेवढी माणसं कुठून येणार. जमिनीवरच्या मार्गिकेचा आग्रह धरणाऱ्यांनी पुण्याची बीआरटी आठवावी. २००६ पासून तिथं मार्गिका आखल्या गेल्या, पण त्या गाड्यांपासून मोकळ्या ठेवायची राजकीय हिंमत कमी पडली. आणि निओवाल्यांनी हे सांगावं की सिडको-अंबडच्या दाट वस्तीला मुख्य मार्ग न देता पूरक बसवर का भागवलं.

हे प्रश्न विचारायची जागा कोणती? महापालिकेचं सभागृह. आणि इथं आपलं दुर्दैव बघा. मार्च २०२२ मध्ये लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षं कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. शहराच्या पुढच्या पन्नास वर्षांचा प्रश्न ज्या काळात ऐरणीवर होता, त्या काळात त्यावर मत नोंदवणारा एकही नगरसेवक नव्हता. वाद झाला तो वर्तमानपत्रांत, पुढाऱ्यांच्या भाषणांत आणि चहाच्या टपरीवर. घोषणेला वर्षं उलटली आणि निओचा एक खांबही उभा राहिला नाही.

मधल्या काळात एक खरीखुरी गोष्ट मात्र घडली आणि तिची आपण पुरेशी दखल घेतली नाही. ८ जुलै २०२१ ला सिटीलिंक सुरू झाली. पहिल्यांदाच शहराची बस महापालिकेनं स्वतःच्या अंगावर घेतली. पद्धत अशी की ठेकेदार बस चालवतो, त्याला किलोमीटरप्रमाणे पैसे मिळतात, तिकिटाचे पैसे महापालिकेकडं येतात आणि मधली तूट महापालिका भरते. यात अडचणी आल्या. थकलेल्या पगारावरून वाहकांनी वेळोवेळी काम बंद केलं आणि कामावर निघालेली माणसं थांब्यावर ताटकळली. तरी मी या प्रयोगाला महत्त्व देतो, कारण १८८९ नंतर पहिल्यांदा ‘तोटा कोणाचा’ या प्रश्नाला लेखी उत्तर मिळालं. तोटा शहराचा. पाण्याचा, दिव्यांचा, रस्त्यांचा खर्च आपण शहराचा मानतो, त्याच रांगेत बस आली.

शेवटचा मुद्दा सिंहस्थाचा. नाशिकमधली मोठी कामं बारा वर्षांच्या तालावर होतात, हे आपल्याला ठाऊक आहे. २००३, २०१५, आता २०२७. तेव्हा निधी येतो, रस्ते होतात, घाट होतात. २०१५ ला बाहेरच्या वाहनतळांवर गाड्या अडवून भाविकांना एस.टी.नं आत आणलं, ते शहाणपणाचं होतं. पण पर्वणीची गर्दी आणि रोजची गर्दी यांचं गणित वेगळं असतं. पर्वणी मोजक्या दिवसांची, आणि तिला लागतात त्या भाड्यानं आणलेल्या शेकडो बस. सातपूरच्या पहिल्या पाळीचा कामगार वर्षाचे तीनशे दिवस जातो, त्याला लागते पहाटे साडेपाचला नक्की येणारी एक बस. कायमची वाहतूक सिंहस्थाच्या नावावर मागितली तर ती सिंहस्थाच्या मापानंच मिळते.

म्हणून पुढच्या वेळी कोणताही आराखडा तुमच्यासमोर आला, निओ असो, मेट्रो असो, आणखी काही असो, तर तीन गोष्टी विचारा. गाडी सुरू झाल्यावर दहाव्या वर्षी तूट किती असेल आणि ती कोण भरेल? स्थानकापासून घरापर्यंतची बस त्याच तिकिटात आहे का? आणि ती तूट भरण्यासाठी सिटीलिंकच्या फेऱ्या कमी होणार का? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. खांबावरची गाडी यायला दहा वर्षं लागतील, आणि तोवर हे आठ-नऊ किलोमीटर रोज कापायला लोकांच्या हाताशी बसच आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.