नालासोपारा पश्चिम, इसवी सन पूर्व

रविवारी कुठे फिरायला जायचं, असं कुणी विचारलं की आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर कर्जत, लोणावळा, माळशेज ही नावं पडतात. मी 'नालासोपारा' टाकलं की हसण्याच्या इमोजी येतात. लोकांना हे स्टेशन माहीत आहे ते सकाळी सातच्या गर्दीमुळे. पण लोकलने जाऊन, दिवसभर पायी फिरून संध्याकाळी घरी परतता येईल अशा जागांमध्ये मी सोपाऱ्याला पहिला नंबर देईन. कारण फिरायला कसं जावं याबद्दलचा एक फार जुना राजादेश याच गावात सापडलाय.

नाळे आणि सोपारा ही दोन वेगळी गावं. रेल्वेच्या पाटीने त्यांना एकत्र आणलं. १२ एप्रिल १८६७ला विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली. त्यानंतर पंधरा वर्षांनी, म्हणजे १८८२च्या एप्रिलमध्ये, पंडित भगवानलाल इंद्रजी सोपाऱ्यात खोदकाम करत होते. स्टेशनपासून पश्चिमेला दोन-अडीच किलोमीटरवर एक टेकाड होतं. गावकरी त्याला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. भगवानलालांनी ते उकरलं तेव्हा आत विटांचा बौद्ध स्तूप निघाला. मधोमध दगडी पेटी होती. पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे होते. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत, असं भगवानलालांचं मत. करंडकाभोवती कांस्याच्या आठ बुद्धमूर्ती मांडलेल्या होत्या. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला.

मला मात्र त्याच वर्षी इथे सापडलेला दुसरा तुकडा जास्त आवडतो. काळ्या दगडाचा, तुटका, त्यावर ब्राह्मी अक्षरांच्या अर्ध्यामुर्ध्या ओळी. तो अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा भाग होता. एवढ्याशा तुकड्यावरून हे ओळखलं कसं? भगवानलाल जुनागढचे. गिरनारच्या पायथ्याचा शिलालेख लहानपणापासून त्यांच्या बघण्यातला आणि आठवा लेख तिथे शाबूत आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर अशोकाने एकच फाइल अनेक सर्व्हरवर ठेवली होती. सोपाऱ्याची प्रत करप्ट झाली, पण गिरनारचा बॅकअप होता. पुढे १९५६मध्ये जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. दोन्ही तुकडे आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत.

आठव्या लेखाचा विषयच प्रवास हा आहे. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं : आधीचे राजे विहारयात्रेला जात, शिकार आणि मौजमजा करत. राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर अशोक संबोधीला, म्हणजे बोधगयेला, जाऊन आला आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या. त्या यात्रेत काय करायचं याची यादीही आहे. श्रमण-ब्राह्मणांना भेटून दान द्यायचं, म्हाताऱ्यांना भेटून मदत करायची, खेड्यापाड्यांतल्या माणसांना भेटायचं, त्यांच्याशी धर्माबद्दल बोलायचं. यात राजाला बाकी कशाहीपेक्षा जास्त आनंद मिळतो, असं शेवटी नमूद केलंय.

असा लेख सोपाऱ्यात का कोरला असेल? कारण इथे माणसांची ये-जा होती. हे मोठं बंदर. 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात त्याचं नाव 'सुप्पारा' म्हणून येतं. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे आपण वाटसरूंसाठी निवारे बांधले, बागा केल्या, तळी आणि विहिरी खोदल्या, असं तो सांगतो. शूर्पारक म्हणजे आपलं सोपारा. इथे येणाऱ्या परक्या माणसाला सावली आणि पाणी मिळावं, याची सोय दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी केली होती. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि बंदराचं गाव झालं.

मागच्या हिवाळ्यात मी स्तूपावरून चक्रेश्वर तळं, तिथून गास आणि निर्मळ असा चालत गेलो. गासजवळ एका वाडीच्या कुंपणाशी एक काका केळीचे घड रचत होते. माझ्या पाठीवरची सॅक बघून त्यांनी विचारलं, "स्टेशनवरचे काय तुम्ही?" स्टेशनजवळच्या बिल्डिंगींत राहणाऱ्या आम्हा सगळ्यांना इथे हेच नाव आहे. मी हो म्हटलं. त्यांनी तांब्याभर पाणी दिलं आणि विहीर दाखवली. "एकेकाळी हिच्यातून टँकर भरून तुमच्याकडे जायचे. दिवसाला किती, मोजायचं सोडून दिलं होतं. मग पाणी मचूळ झालं. हे प्यायचं पाणी आता नळाचं."

सूर्या धरणाचं पाणी यायच्या आधी वसई-विरारच्या नव्या इमारती टँकरवरच उभ्या राहिल्या. त्या काळात हरित वसईचं आंदोलन पेटलं, त्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते. २००९मध्ये महानगरपालिका झाली तेव्हा अनेक गावांनी तिच्यात जायला विरोध केला. हे सगळं मी वाचलं होतं. आमची बिल्डिंग त्याच वर्षांतली, हेही माहीत होतं. पण या दोन गोष्टींच्या मधे एक विहीर आहे, हे काकांनी दाखवलं तेव्हा कळलं. ते चिडून बोलत नव्हते. बोलता बोलता एक घड बाजूला काढून माझ्या हातात दिला आणि पैसे घेतले नाहीत.

ही वाट मी आता मित्रांना सांगतो तेव्हा अशोकाच्या यादीतलं तेवढं तिसरं कलम जोडतो : वाटेत भेटेल त्याच्याशी बोला. स्तूपाचा फोटो पाच मिनिटांत निघतो. विहिरी, वाड्या, विकलेल्या जमिनी आणि राखलेल्या जमिनी यांच्याबद्दल विचारायला मात्र थांबावं लागतं, आणि थांबलात तर लोक सांगतात.

नालासोपाऱ्याला पश्चिमेला उतरा. सकाळी लवकर निघा, उन्हाळा टाळा. आणि प्यायचं पाणी घरून भरून आणा.