येलदरीची वीज आणि भाजलेल्या मातीचा धागा

इतिहास म्हटला की आपण किल्ले, तहनामे आणि ताम्रपट यांच्याकडे वळतो. आजचा हा धागा मात्र अक्षरशः एका धाग्याविषयी आहे, आणि त्याची सुरुवात परभणी जिल्ह्यातून करू.

जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. १९६८ साली तेथे वीज निर्माण होऊ लागली. साडेसात मेगावॅटचे तीन संच, एकूण २२.५ मेगावॅट. आजच्या मानाने हा आकडा किरकोळ. परंतु वीस वर्षांपूर्वीच निजामी राजवटीतून मुक्त झालेल्या या मुलखात नदीपासून वीज होते, हे त्या पिढीने प्रथमच डोळ्यांनी पाहिले.

धरणाचे छायाचित्र सगळे काढतात. तिथून निघालेल्या तारेचे कोणी काढत नाही.

वीज वाहून न्यायला तांबे उत्तम, पण महाग आणि जड. अॅल्युमिनियम हलके व स्वस्त, पण ताणाला दुबळे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत यावर तोड निघाली : मधोमध पोलादी तारा आणि भोवती अॅल्युमिनियमचे पीळ. पोलाद भार पेलते, अॅल्युमिनियम वीज वाहते. शंभर वर्षांनंतरही आपल्या शिवारावरून जाणाऱ्या बहुतेक वाहिन्या याच जातीच्या आहेत.

थोडे विषयांतर करतो. या तारांच्या आकारांना इंग्रजांनी प्राण्यांची नावे दिली आणि ती आपल्याकडे तशीच राहिली. ११ केव्हीच्या खांबांवर ‘विझल’ आणि ‘रॅबिट’, १३२ केव्हीवर ‘पँथर’, २२० वर ‘झेब्रा’, ४०० वर ‘मूस’. साहेब गेला, त्याचे प्राणिसंग्रहालय मात्र अजून खांबांवर आहे.

आता मुख्य अडचण. दोन मनोऱ्यांमध्ये तार कधीच ताठ नसते. तिला झोल असतो. समजा, अंतर ३०० मीटर आणि झोल ६ मीटर आहे. अशा तारेची लांबी सरळ रेषेपेक्षा जेमतेम ३२ सेंटिमीटर जास्त भरते. ती तापून आणखी फक्त १० सेंटिमीटर वाढली, तर झोल सुमारे ८७ सेंटिमीटरने खाली येतो. तळहाताएवढी वाढ, आणि तार जवळजवळ कमरेइतकी खाली! परभणीच्या उन्हाळ्यात हवेचाच पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, त्यात वाहणारी वीज तारेला आतून तापवते. म्हणून वाहिनीतून किती वीज न्यायची याची मर्यादा बहुधा झोलच ठरवतो.

हे दुर्लक्षिल्यास काय होते? १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात भाराने तापलेल्या वाहिन्या खालच्या वाढलेल्या झाडांना टेकल्या. नियंत्रण कक्षाला वेळीच उमगले नाही, आणि काही तासांत अमेरिका-कॅनडातील सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले.

त्या सुमारास ‘थ्रीएम’ या कंपनीने पोलादाच्या जागी वेगळाच गाभा आणला होता. अॅल्युमिनियमची संयुगे असलेल्या द्रवातून तंतू ओढायचे आणि मडक्यासारखे भट्टीत भाजायचे. केसाहून कितीतरी बारीक असे २५,००० हून अधिक तंतू शुद्ध अॅल्युमिनियममध्ये रोवून गाभ्याची एकेक तार बनते. बळ पोलादाच्या तोडीचे, वजन निम्म्याहून कमी, आणि तापल्यावर होणारी वाढ पोलादाच्या साधारण निम्मी. नेहमीची तार ७५ ते ८५ अंशांवर थांबवावी लागते. ही २१० अंशांवरही काम करते. २००५ साली मिनियापोलिस परिसरात ती प्रथम व्यापारी तत्त्वावर ओढली गेली.

मराठवाड्यातील जुनी गढी पाहिलेल्याला ही युक्ती परकी वाटू नये. पांढऱ्या मातीत भुसा कालवला की भिंतीला तडा सहज जात नाही. इथे फक्त अदलाबदल आहे : भिंतीत मातीला तंतूंचा आधार, तारेत धातूला भाजलेल्या मातीच्या तंतूंचा. शिवाय ते तंतू अॅल्युमिनियमच्याच ऑक्साइडचे, म्हणजे ज्या बॉक्साइटमधून हा धातू निघतो, त्याच्याच कुळातले.

मग ती सर्वत्र का नाही? किंमत नेहमीच्या तारेच्या कित्येक पट आहे म्हणून. आपल्याकडे जुन्या मनोऱ्यांवर जास्त तापमान सोसणाऱ्या तारा ओढल्या गेल्या, त्या बहुतांशी इतर, स्वस्त प्रकारच्या.

परंतु किमतीचा हिशेब कोणाच्या वहीत मांडायचा, हा खरा प्रश्न आहे. विदर्भात कोळसा, मुंबईत मागणी आणि मधे मराठवाडा. चंद्रपूर ते पडघे ही ५०० केव्हीची, १५०० मेगावॅटची एकदिश प्रवाहाची वाहिनी सुमारे ७५० किलोमीटर लांब आहे. नकाशावर या दोन गावांना पट्टीने जोडा. रेघ जिंतूरजवळून जाते. परळीच्या औष्णिक केंद्राला पाणी देणारा गोदावरीवरचा खडका बंधाराही परभणीच्याच सोनपेठ तालुक्यात. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले होते.

नवी वाहिनी म्हणजे नवे मनोरे, आणि मनोरे शेतात उभे राहतात. त्यासाठी वापरला जाणारा अधिकार १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातला : जमीन संपादित करायची नाही, फक्त नुकसानीची भरपाई द्यायची. तारायंत्राच्या खांबासाठी केलेला हा कायदा शंभराहून अधिक वर्षे चार पायांच्या मनोऱ्यांना पुरला. मनोऱ्याखालच्या जमिनीसाठी तिच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी जास्तीत जास्त १५ टक्के मोबदला द्यावा, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने काढली ती थेट २०१५ साली.

जुन्याच मनोऱ्यांवर दुप्पट वीज नेणारी तार महाग ठरते, ती कंपनीच्या वहीत. शेतकऱ्याच्या वावरातून न गेलेल्या दुसऱ्या वाहिनीची किंमत त्या वहीत कुठल्याच रकान्यात नसते.